राखून ठेवलेला पगार : निवृत्तिवेतनाविषयी वाचकांची पत्रे

गेल्या अंकात आम्ही जुन्या पेन्शनच्या, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम हमीने देणाऱ्या योजनेच्या मागणीला पाठिंबा देणारे टिपण छापले होते. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्याच्या बहुतेक तालुक्यांतून पत्रे आली. त्यांतील काही पत्रे आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत. पत्रलेखकांपैकी अनेक जण अजून सेवेत असल्यामुळे त्यांची नावे गाळली आहेत. उत्तरे लिहिणारा मी शासकीय हिशेबाच्या कामात आयुष्य घालवलेला निवृत्त कर्मचारी आहे आणि स्वतः राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे, म्हणजे जुन्या योजनेप्रमाणे, निवृत्तिवेतन घेतो, हे वाचकांना आधीच माहीत असावे.

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातील ऊस उत्पादक आहे. आमच्या म्हातारपणाची जबाबदारी कोणीच घेत नाही. खताच्या पोत्यापासून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांपर्यंत प्रत्येक वस्तूवर आम्ही कर भरतो आणि त्या करातून सरकारी नोकराला शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम मरेपर्यंत का द्यायची? आपण त्यांची बाजू का घेता?

उत्तर : आपला राग मला परका वाटत नाही. माझ्याही घरात शेती आहे, आणि आपण विचारलेला प्रश्न गावोगावच्या पारावर विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर आपल्याच व्यवहारातून देतो.

आपला ऊस तोडून कारखान्यावर गेला, वजनकाट्यावर चढला आणि त्याचे गाळपही झाले, तरी त्या क्षणी आपल्या हातात पैसे पडत नाहीत. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ सांगतो की पुरवठ्यापासून चौदा दिवसांत रास्त आणि किफायतशीर दराची रक्कम, म्हणजे एफआरपी, मिळाली पाहिजे आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के दराने व्याज द्यावे लागते. आता कोणी कारखानदार म्हणाला, की यंदा साखरेचा भाव पडला आहे, तेव्हा तुमचे बिल ही आमच्यावरची भीक समजा आणि जमेल तसे घ्या, तर आपण ते ऐकून घ्याल का? राज्य शासनाने २०२२ साली एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली, तेव्हा आपल्याच तालुक्यातील राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द ठरवला. त्या लढ्यामागे एवढीच समजूत होती, की ऊस देऊन झाला आहे, त्यामुळे त्याचे पैसे हे आमचे येणे आहे.

निवृत्तिवेतन हे कर्मचाऱ्याचे असेच येणे आहे. तीस वर्षे काम करून घेताना शासन त्याला मोबदल्याचा एक भाग दरमहा देते आणि दुसरा भाग म्हातारपणासाठी राखून ठेवते. सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी हेच सांगितले, की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी किंवा कृपा नाही, केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे. त्याआधी १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात याच न्यायालयाने निवृत्तिवेतनाला मालमत्तेच्या हक्काचा दर्जा दिला होता. त्यामुळे आपल्या करातून जे जाते, ते आपल्या मुलाला शिकवलेल्या गुरुजींचे, पुराच्या रात्री गावात थांबलेल्या तलाठ्याचे आणि सीपीआर रुग्णालयात रात्रपाळी केलेल्या परिचारिकेचे उरलेले बिल असते.

शेतकऱ्याच्या म्हातारपणाची सोय नाही, ही आपली तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. ती सोय झाली पाहिजे, असे मी मनापासून मानतो. पण गुरुजींची पेन्शन काढून घेतल्यामुळे ती होत नाही. २००५ नंतर महाराष्ट्रात नव्याने लागलेल्या लाखो कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली, त्या वाचलेल्या पैशातून एकाही शेतकऱ्याला निवृत्तिवेतन सुरू झाल्याचे आपण पाहिले आहे का?

प्रश्न : मी भुदरगड तालुक्यात प्राथमिक शिक्षिका असून २००८ मध्ये नेमणूक झाली. आमच्या शाळेत शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा चारच वर्षांनी ज्येष्ठ आहेत. त्यांना जुनी पेन्शन आहे, मला एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली. दोघींच्या हातात निवृत्तीनंतर नेमके किती पडेल, हे कोणीही सरळ सांगत नाही.

उत्तर : ताई, कोणी सरळ सांगत नाही, कारण आपल्या बाबतीत ते आज कोणालाच सांगता येत नाही. आपल्या योजनेतला मूळ दोष हाच आहे. तरीही समजण्यापुरते आकडे धरून एनपीएसचा हिशेब मांडू या; सुधारित योजनेविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

समजा, निवृत्तीच्या वेळी आपले दोघींचेही मूळ वेतन ७०,००० रुपये आहे. शेजारच्या बाईंना निम्मे, म्हणजे ३५,००० रुपये आणि त्यावर वेळोवेळी वाढणारी महागाई वाढ मिळेल. आपल्या पगारातून मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या दहा टक्के रक्कम दरमहा कापली जाते. शासन आपला हिस्सा घालते, तो पूर्वी दहा टक्के होता आणि एप्रिल २०१९ पासून चौदा टक्के झाला. या सगळ्याचे व्याज-नफ्यासह निवृत्तीपर्यंत ३५ लाख झाले असे धरू. नियमाप्रमाणे त्यातील किमान चाळीस टक्के, म्हणजे १४ लाख रुपये देऊन विमा कंपनीकडून वार्षिकी, म्हणजे आयुष्यभर ठरावीक रक्कम देणारी योजना, घ्यावी लागते. सहा टक्के दर मिळाला तर तिचे वर्षाला ८४,००० आणि महिन्याला ७,००० रुपये येतील. उरलेले २१ लाख आपल्या हातात येतील. ते न मोडता त्याच दराने ठेवले तर महिन्याला आणखी १०,५०० रुपये. एकूण १७,५०० रुपये झाले, म्हणजे शेजारच्या बाईंच्या मूळ निवृत्तिवेतनाच्या बरोबर निम्मे. आपल्याकडे मुद्दल राहते, ही जमेची बाजू मी लपवत नाही. परंतु मुलीचे लग्न, घराची दुरुस्ती, दवाखाना यांतून ते २१ लाख कोणत्या घरात अखंड राहतात? शिवाय आपले १७,५०० पंधरा वर्षांनीही १७,५००च राहतील, आणि तेव्हा त्यांत किती किराणा येईल हे आपणच ठरवा.

आपण दोघींनी त्याच खडूने, त्याच फळ्यावर शिकवले. फरक १ नोव्हेंबर २००५ या तारखेने केला. त्या दिवशी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना राज्य शासनाने परिभाषित अंशदान योजना, म्हणजे डीसीपीएस लागू केली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत विलीन केली. ही रेषा इतकी आंधळी होती, की ज्यांची जाहिरात आधी निघाली पण नेमणुकीचा आदेश कार्यालयीन विलंबामुळे नंतर निघाला, त्यांनाही तिने पलीकडे ढकलले. त्यांना जुन्या योजनेचा पर्याय देण्याचे राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२४ मध्ये मान्य केले. अठरा वर्षे लोक अर्ज करत आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते, तेव्हा एवढे झाले.

एक काम मात्र आजच करा. डीसीपीएसच्या काळात कापलेली प्रत्येक रक्कम आणि तिच्यावरील शासनाचा हिस्सा आपल्या एनपीएस खात्यात जमा झाला आहे का, हे वेतनाच्या पावत्यांशी महिन्यागणिक ताडून पाहा. त्या वर्षांच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या मिळाल्या नाहीत, अशी तक्रार याच महिन्यात आमच्याकडे चार शिक्षकांनी केली आहे. तफावत दिसली तर लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या आणि ती जपून ठेवा.

प्रश्न : गडहिंग्लज येथे लिपिक आहे. शासनाने आता सुधारित योजनेत शेवटच्या वेतनाच्या पन्नास टक्के निवृत्तिवेतन मान्य केले आहे. मग संघटना अजून ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत का बसल्या आहेत? मिळाले ते घेऊन गप्प बसावे, असे मला वाटते.

उत्तर : जे मिळाले ते लहान नाही, आणि ते कोणी ताटात वाढून दिलेले नाही. १४ मार्च २०२३ रोजी राज्यभरातील कर्मचारी बेमुदत संपावर गेले. आपल्या जिल्ह्यातील कार्यालये, शाळा आणि दवाखान्यांतील माणसे आठवडाभर रस्त्यावर होती. २० मार्चला संप मागे घेतला गेला, तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या समितीने अभ्यास केला, आणि १ मार्च २०२४ पासून सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू करण्याची घोषणा विधिमंडळात झाली. पन्नास टक्के निवृत्तिवेतन, त्यावर महागाई वाढ आणि त्याच्या साठ टक्के कुटुंबनिवृत्तिवेतन, असे तिचे स्वरूप सांगण्यात आले. पाठोपाठ २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना, म्हणजे यूपीएस मंजूर केली. बाजारावर सोडलेली पेन्शन पुरत नाही, हे वीस वर्षांनी दोन्ही सरकारांनी कबूल केले, असा याचा अर्थ मी घेतो.

गप्प का बसू नये, हे आता सांगतो. जुन्या योजनेत निवृत्तिवेतनासाठी पगारातून काहीही कापले जात नव्हते. भविष्य निर्वाह निधीची कपात होत असे, पण ते पैसे व्याजासह आपलेच परत मिळत. नव्या रचनेत दहा टक्के कपात चालूच राहते. केंद्राच्या यूपीएसमध्ये पूर्ण पन्नास टक्क्यांसाठी पंचवीस वर्षांची सेवा लागते, ती कमी असेल तर त्या प्रमाणात रक्कम घटते, आणि साठलेल्या निधीतून एकरकमी पैसे काढले तर दरमहाची रक्कमही त्या प्रमाणात कमी होते. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यास पंचवीस वर्षे भरली असली तरी पैसे सुरू होतात ते नियत वयाच्या तारखेपासून.

आपल्या राज्यात या पंचवीस वर्षांच्या अटीकडे फार बारकाईने पाहिले पाहिजे. आपल्याकडे सरकारी नोकरीत येण्याची कमाल वयोमर्यादा खुल्या वर्गासाठी अडतीस आणि मागासवर्गीयांसाठी त्रेचाळीस आहे, तर बहुतेकांचे निवृत्तीचे वय अठ्ठावन्न आहे. भरती वर्षानुवर्षे निघत नाही, निघाली तर निकाल लागत नाही, लागला तर आदेश मिळत नाही. गडहिंग्लज, चंदगड, आजऱ्याची किती तरी मुले पस्तिशी ओलांडून नोकरीला लागतात. पस्तिसाव्या वर्षी लागलेल्याची सेवा जास्तीत जास्त तेवीस वर्षे होईल, म्हणजे अशा अटीखाली त्याला पन्नासऐवजी शेहेचाळीस टक्के मिळतील. त्रेचाळिसाव्या वर्षी लागलेल्या मागासवर्गीय उमेदवाराची सेवा पंधरा वर्षे होईल आणि त्याच्या वाट्याला तीस टक्के येतील. भरतीला उशीर शासनाने करायचा आणि त्याची वजावट उमेदवाराच्या म्हातारपणातून व्हायची, हे मला अन्यायाचे वाटते. म्हणून पर्याय निवडण्याचा कोणताही कागद समोर आला, तर आपली सेवा निवृत्तीच्या तारखेला किती भरेल ते आधी मोजा, शासन निर्णय मूळातून वाचा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबून सही करू नका.

प्रश्न : मी अर्थशास्त्र शिकवतो. रिझर्व्ह बँकेने जुन्या योजनेकडे परतण्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे. भावनेपेक्षा आकड्यांना उत्तर द्यावे. (कोल्हापूर)

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या पत्रिकेतील अभ्यासात म्हटले आहे, की सर्व राज्ये जुन्या योजनेकडे वळली तर एकूण भार एनपीएसच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो आणि २०६० पर्यंत वाढीव भार दरवर्षी देशाच्या उत्पन्नाच्या ०.९ टक्के होऊ शकतो. हा आकडा मी झटकून टाकत नाही. तो दीर्घ मुदतीचा अंदाज आहे, पण त्यातील दिशा खरी आहे.

मात्र या आकड्याचा अर्थ काय, ते पाहू. शासनाला जो भार साडेचार पट वाटतो, तो एनपीएसमुळे जगातून नाहीसा होत नाही. तो कर्मचाऱ्याच्या घरात जाऊन पडतो. शेअर बाजार पडण्याची, व्याजदर उतरण्याची, महागाई वाढण्याची आणि अपेक्षेपेक्षा जास्त जगण्याची अशा चारही जोखमी पूर्वी राज्य उचलत होते. त्या आता एका निवृत्त माणसाने एकट्याने उचलायच्या आहेत. लाखो लोकांमध्ये विभागलेली जोखीम स्वस्त पडते, हे आपण आपल्या विद्यार्थ्यांना विम्याच्या प्रकरणात शिकवतच असाल.

निधी उभारायला माझा विरोध नाही. शासनाने दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढून राखीव गंगाजळी तयार करावी, तिचा लेखाजोखा विधिमंडळापुढे मांडावा आणि हमी मात्र आपल्याकडे ठेवावी. केंद्राने यूपीएसमध्ये आपला एकूण हिस्सा साडेअठरा टक्के केला आणि त्यातील साडेआठ टक्के सामाईक निधीसाठी ठेवला, हे त्याच दिशेचे अर्धे पाऊल आहे. इंग्लंडमध्येही २०११ साली हटन समितीच्या अहवालानंतर शेवटच्या पगारावरची पेन्शन जाऊन संपूर्ण सेवेतील सरासरी वेतनावरची आली आणि त्याविरुद्ध ३० नोव्हेंबर २०११ रोजी मोठा संप झाला. तिथे बदल कर्मचाऱ्यांच्या तोट्याचेच होते, पण सेवेच्या वर्षांवर ठरलेल्या पेन्शनची हमी राज्याने सोडली नाही. आपल्याकडे २००५ मध्ये ती हमीच काढून घेतली गेली.

प्रश्न : मी ७६ वर्षांचा निवृत्त कर्मचारी आहे. आम्हा जुन्या पेन्शनधारकांना तरी धोका नाही ना?

उत्तर : काका, आपले निवृत्तिवेतन उद्या बंद होईल अशी भीती बाळगू नका. परंतु निश्चिंतही राहू नका, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

नाकारा खटला नेमका ज्यावरून झाला तो मुद्दा आपल्याला आठवत असेल. केंद्राने १९७९ मध्ये निवृत्तिवेतनाचे सूत्र सुधारले, पण त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच दिला. निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनधारकांत अशी फाळणी करणे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवले. आता मार्च २०२५ मध्ये संसदेने वित्त कायद्याच्या पोटात एक भाग मंजूर केला. त्यामुळे केंद्राला आपल्या पेन्शनधारकांत निवृत्तीच्या तारखेवरून भेद करण्याचा अधिकार मिळाला, तोही १ जून १९७२ पासून मागे जाऊन. ही तरतूद केंद्राच्या पेन्शनधारकांसाठी आहे. तथापि केंद्राचे वेतन आयोग आणि सूत्रे राज्य थोड्याफार फरकाने उचलते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. त्यातच न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेत, ज्यात कर्मचाऱ्याचे अंशदान नसते अशा निवृत्तिवेतन योजनांचा निधीविना राहिलेला खर्च विचारात घ्यावा, असे नमूद केले आहे. हे शब्द आपल्याविषयीच आहेत.

सेवेतील तरुण आपल्या हक्कासाठी बिंदू चौकात उभे राहतील, तेव्हा आपली प्रकृती साथ देत असेल तर त्यांच्याबरोबर तासभर बसा. आज त्यांच्यावर जी रेषा ओढली आहे, तशीच दुसरी रेषा आपल्या आणि नव्या निवृत्तांच्या मध्ये ओढणे आता कायद्याने सोपे झाले आहे.

प्रश्न : एस.टी.त वाहक म्हणून २८ वर्षे नोकरी करून २०१६ मध्ये निवृत्त झालो. पेन्शन महिन्याला अडीच हजारांच्या आसपास. आमच्याबद्दल कोणी बोलत नाही.

उत्तर : आपले पत्र वाचून मला अपराधी वाटले, कारण गेल्या अंकातील टिपणात आपला उल्लेखच नव्हता. आपल्याला आणि जिल्ह्यातील साखर कामगारांना जी मिळते ती कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ ची पेन्शन. तिचे सूत्र निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर असे आहे. वेतनाची कमाल मर्यादा सप्टेंबर २०१४ पर्यंत ६,५०० आणि त्यानंतर १५,००० रुपये. पूर्ण पस्तीस वर्षे आजच्या मर्यादेने मोजली तरी ७,५०० रुपयांच्या वर जाता येत नाही, महागाई वाढ नाही, आणि किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबली आहे. घाटातली रात्रीची गाडी अठ्ठावीस वर्षे सांभाळणाऱ्या माणसाला औषधांच्या चिठ्ठीलाही न पुरणारी ही रक्कम देणे लाजिरवाणे आहे.

प्रत्यक्ष वेतनावर वाढीव पेन्शनचा पर्याय सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी मोकळा केला होता, पण त्याची मुदत होती आणि १ सप्टेंबर २०१४ पूर्वी पर्याय न देता निवृत्त झालेल्यांना तो नव्हता. आपण २०१६ चे निवृत्त आहात. आपण किंवा आपल्या संघटनेने त्या मुदतीत अर्ज केला असेल, तर त्याचा क्रमांक घेऊन भविष्य निर्वाह निधी कार्यालयात लेखी पाठपुरावा करा. शासकीय कर्मचाऱ्यांच्या संघटनांनाही माझी विनंती आहे, की किमान पेन्शन वाढवून तिला महागाईशी जोडण्याची मागणी त्यांनी आपल्या मागणीपत्रात घालावी.

प्रश्न : शाहूवाडी तालुक्यात कंत्राटी आरोग्यसेविका आहे. या सगळ्यात माझे काय?

उत्तर : ताई, कोणत्याही योजनेत आपले नाव नाही, आणि पेन्शनवरचा सर्वांत मोठा घाव हाच आहे. पदच कायम नसेल तर पेन्शनचा नियम बदलण्याचीही गरज उरत नाही. बाह्य यंत्रणेमार्फत नोकरभरतीचा राज्याचा शासन निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला, तेव्हा विरोधाचा उपयोग होतो. आपल्या नेमणुकीचे सर्व आदेश, मुदतवाढीची पत्रे आणि हजेरीच्या नकला तारखेप्रमाणे लावून ठेवा. सेवेत सामावून घेण्याचा विषय निघेल त्या दिवशी तेच कागद मागितले जातील.

प्रश्न : मी एनपीएसमध्ये आहे. सेवेत असताना माझे काही बरेवाईट झाले तर पत्नीला काय मिळेल? (कागल)

उत्तर : पूर्वी फारसे काही मिळत नव्हते, आणि त्या काळात गेलेल्या सहकाऱ्यांच्या घरी सांत्वनाला जाताना आमची मान खाली असे. संपानंतर ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसधारकांनाही कुटुंबनिवृत्तिवेतन, रुग्णता निवृत्तिवेतन (आजारपणामुळे नोकरी सोडावी लागल्यास मिळणारे) आणि उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू झाले. मृत्यू झाल्यास कुटुंबाला १९८२ च्या नियमांचा लाभ हवा की एनपीएसमधील रकमेचा, याचा विकल्प आपण कार्यालयात लेखी नोंदवायचा असतो. तो नोंदवला आहे का, सेवापुस्तकात त्याची नोंद आहे का, आणि नामनिर्देशनात लग्नापूर्वी लिहिलेले आई-वडिलांचे नाव तसेच राहिले आहे का, हे या आठवड्यात पाहून घ्या. विकल्पाची पोहोच पत्नीच्या हाती द्या आणि ती कपाटात कुठे ठेवली आहे, हे मुलांनाही सांगून ठेवा.